काळ्या रानातल्या चार पेट्रोल गाड्या: राजदूत, आरएक्स, बॉक्सर आणि स्प्लेंडर

मोटारसायकलींची परीक्षणे बहुधा गुळगुळीत डांबरी रस्त्यावर होतात आणि त्यांत पिकअप, टॉप स्पीड व ॲव्हरेज यांपलीकडे फारसे काही नसते. उदगीर, देवणी आणि कंधार या तालुक्यांतल्या पांदण रस्त्यांवर ज्याची सारी नोकरी दुचाकीवर झाली, त्याला या तीन गोष्टींचे फार कौतुक वाटत नाही. गाडी ऐन पावसाळ्यात काळ्या चिखलातून बाहेर निघते का, मागच्या कॅरियरवर ठेवलेली वस्तू शाबूत पोचते का आणि आडवाटेला बंद पडली तर जवळच्या गावातला मिस्त्री ती चालू करू शकतो का, हेच आमच्याकडे पाहावे लागते. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करताना मी ज्या चार पेट्रोल गाड्या वापरल्या, त्यांचा विचार मी इथे याच कसोटीवर करणार आहे. कोणती गाडी चांगली आणि कोणती आवडती, या दोन प्रश्नांची माझी उत्तरे एक नाहीत, हेही सुरुवातीलाच सांगतो.

कामाचे स्वरूप थोडे सांगितल्याशिवाय ही कसोटी कळणार नाही. सकाळी माजावर आलेली देवणी किंवा लाल कंधारी गाय त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत भरवावी लागते. वेळ टळली की पुढच्या माजापर्यंत शेतकऱ्याचे तीन आठवडे गेले. कृत्रिम रेतनाच्या मात्रा उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात आणि तो ॲल्युमिनियमचा कंटेनर गाडीवर उभाच न्यावा लागतो. या कंटेनरचे आतले भांडे केवळ गळ्याच्या नळीवर लोंबकळत असते. जोराचा हिसका बसून ती नळी तडकली की दोन भांड्यांमधली निर्वात पोकळी जाते, बाहेरून दहिवर धरते आणि आतला नायट्रोजन पाहता पाहता उडून जातो. म्हणून आम्ही तो गोणपाटात गुंडाळून जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी कॅरियरला बांधत असू. मागचे शॉकअप कसे आहेत हे मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा त्या कंटेनरने अधिक खरे सांगितले.

पहिली गाडी राजदूत, तीही जुनी घेतलेली. पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती भारतात उभी केली. १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर आणि जाड पत्र्याचा देह, अशी ही गाडी दूधवाल्यांनी डोक्यावर घेतली, कारण दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवले तरी ती कुरकुरत नसे. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकावे लागे. ते मिश्रण नीट हलवले नाही किंवा ऑईलचा हात जड झाला की प्लग काळा पडून गाडी मिसिंग करायची, आणि मग रस्त्याच्या कडेला प्लग काढून पॉलिश पेपरने घासत बसावे लागायचे. ताकदीबद्दल तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. वेगाचा विषय न काढलेला बरा.

त्यानंतर आली यामाहा आरएक्स १००, आणि तिच्याबद्दल तटस्थपणे लिहिणे मला अवघड जाते. १९८५ पासून १९९६ पर्यंत भारतात बनलेल्या या गाडीचे इंजिन ९८ सीसीचे, ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन अवघे १०३ किलोच्या आसपास होते. या आकड्यांतच तिच्या पिकअपचे सारे गुपित आहे, कारण जवळपास तेवढ्याच सीसीच्या तेव्हाच्या फोर-स्ट्रोक गाड्या सात-साडेसात हॉर्सपॉवरवर थांबलेल्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज एका ठिकाणी अचानक पातळ आणि टोकदार होई, आणि त्या क्षणी गाडी अंगाखालून निसटल्यासारखी पुढे झेपावत असे. ऑईलसाठी वेगळी टाकी आणि पंप असल्याने राजदूतचे मिसळामिसळीचे काम संपले होते. पंपावर टू-टी ऑईल भरून घेतले की झाले. गावाच्या वेशीबाहेर असतानाच सायलेन्सरच्या आवाजावरून ‘डॉक्टर आले’ हे गोठ्यापर्यंत पोचलेले असे. (पशुधन पर्यवेक्षकाला आमच्याकडे सरसकट डॉक्टरच म्हणतात, त्यावरून खऱ्या डॉक्टरांना राग येतो तो येतोच.) उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिके निघून गेल्यावरच्या मोकळ्या रानातून, हिवाळ्याच्या सकाळी ही गाडी चालवण्यात जे सुख होते, ते नंतर कोणत्याही गाडीने दिले नाही.

तरीही कामाची गाडी म्हणून तिला मी पहिला क्रमांक देणार नाही. दोन माणसे आणि कंटेनर घेऊन चढ चढताना तिला सतत खालच्या गिअरमध्ये ओरडत ठेवावे लागे. पेट्रोलला ती चाळिशीच्या आसपास ॲव्हरेज देत असे, आणि प्रवासभत्त्यात ते बसत नसे. तिचा मागचा भाग हलका असल्याने खडीच्या रस्त्यावर कंटेनर उड्या मारी. आवड आणि उपयोग यांची फारकत मला या गाडीने दाखवली.

उपयोगाच्या बाजूने माझे मत निःसंशय बजाज बॉक्सरला आहे. कावासाकीच्या तंत्रज्ञानावर बजाजने १९८६ मध्ये टू-स्ट्रोक केबी १०० आणली, पुढे फोर-स्ट्रोक गाड्या काढल्या आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बॉक्सर बाजारात आली. दिसायला ती साधीच होती, आणि लग्नात जावयाला देण्याच्या गाड्यांत तिचा मान खालचा होता. मात्र तिच्यातल्या दोन गोष्टी काळ्या जमिनीला अगदी मानवणाऱ्या होत्या. लांब सीट आणि मऊ शॉकअप यांमुळे खताचे पोते असो वा नायट्रोजनचा कंटेनर, मागचे ओझे तिच्यावर शांत बसे. दुसरी गोष्ट इंजिनाच्या ठेवणीची होती, आणि तिच्यावर थोडे सविस्तर लिहायला हवे.

शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन बसवण्याच्या मुख्यतः दोन पद्धती दिसतात. एका पद्धतीत सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून असतो. त्यामुळे गाडीचे वजन खाली राहते, ती हाताळायला सोपी जाते आणि हेडला हवा चांगली लागते. दुसऱ्या पद्धतीत सिलिंडर थोडासा पुढे कललेला पण उभा असतो. डांबरी रस्त्यावर या दोहोंत काही फरक जाणवत नाही. ओढ्याला गुडघाभर पाणी आले की मात्र आडव्या सिलिंडरचा प्लग थेट पाण्याच्या फवाऱ्यात सापडतो, प्लगच्या टोपीत पाणी शिरते आणि गाडी मधोमध गप्प होते. उभ्या सिलिंडरचा प्लग वीतभर तरी वर राहतो. लेंडी आणि मन्याड या नद्यांना मिळणारे ओढे पावसाळ्यात अचानक भरून येतात, तेव्हा या वीतभर उंचीची किंमत कळते. बॉक्सर उभ्या सिलिंडरची होती. आडव्या सिलिंडरची गाडी असणाऱ्यांनी पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रुंद रबरी पट्टी लावावी. जुन्या टायरचा तुकडा दोन बोल्टांनी बसवला तरी काम भागते.

चिखलाचा प्रश्न मात्र कोणत्याच कंपनीने सोडवलेला नाही. काळी चिकण माती ओली झाली की टायरला वेढते, त्यात काडीकचरा आणि कडब्याचे तुकडे मिसळून घट्ट लगदा होतो आणि तो टायर व मडगार्ड यांच्यामध्ये असा ठासून बसतो की चाक फिरेनासे होते. इंजिन चालू, गिअर टाकलेला, क्लच सोडलेला आणि गाडी जागच्या जागी, हे दृश्य मराठवाड्यातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराने पाहिलेले असते. बाभळीची काठी आत घालून तो लगदा कोरून काढायचा, पन्नास पावले जायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. माझ्या पाहण्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी मृगापूर्वी पुढचे मडगार्ड सोडून घरी ठेवायचे आणि दसऱ्याला पुन्हा बसवायचे, अशी रीतच पाडलेली होती. त्यात गाळ थेट इंजिनावर आणि अंगावर उडतो, म्हणून मला ती पसंत नाही. मडगार्डचे बोल्ट खाली वॉशर घालून बोटभर वर उचलून घेणे अधिक बरे. चेन मात्र पूर्ण कव्हरमध्ये असलेली बरी. उघड्या चेनच्या नव्या गाड्यांना इकडचा एक पावसाळा चेनसेट खराब करायला पुरतो.

बॉक्सरबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या भागात घरटी एक तरी पोरगा वाळूजच्या एमआयडीसीत कामाला असतो आणि बजाजचा १९८५ मध्ये सुरू झालेला तिथला कारखाना हा जणू सगळ्या मराठवाड्याचा पाहुणचार सांभाळत आला आहे. भारतात बॉक्सरची जागा पुढे सीटी १०० ने घेतली, पण बॉक्सर हे नाव आफ्रिकेत टिकले. युगांडा आणि नायजेरियासारख्या देशांत प्रवासी वाहून नेणाऱ्या मोटारसायकलींमध्ये ती आजही मोठ्या संख्येने दिसते. इथे हिणवली गेलेली गाडी तिथे लोकांचे पोट भरते आहे, याचा मला आनंदच आहे.

स्प्लेंडरविषयी नवीन ते काय लिहावे? १९८५ च्या सीडी १०० चेच ९७.२ सीसीचे इंजिन घेऊन हिरो होंडाने १९९४ मध्ये ती आणली. पुढे दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या तरी गाडी चालूच राहिली. तिचे ॲव्हरेज, तिचा मऊ क्लच आणि कोणत्याही खेड्यात मिळणारे तिचे सुटे भाग यांना तोड नाही. मिस्त्री डोळे मिटून तिचे टॅपेट लावतो. मात्र तिची हीच लोकप्रियता नकली सुट्या भागांना आमंत्रण देते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून घेतलेली क्लच प्लेट माझ्याकडे एक हंगामही टिकली नाही, आणि खोके मात्र हुबेहूब अस्सल होते. तेव्हापासून क्लच प्लेट, चेनसेट आणि ब्रेक लायनर या तीन वस्तू अधिकृत दुकानातूनच, पक्क्या बिलावर घ्याव्यात असे मी सगळ्यांना सांगतो. ओझ्याच्या बाबतीत स्प्लेंडर मला बॉक्सरपेक्षा अर्धे पाऊल मागे वाटते. एकट्या माणसाच्या रोजच्या ये-जा करण्यासाठी ती अर्धे पाऊल पुढे आहे.

बुलेटचा उल्लेख नसल्याचे काहींना खटकेल. ती मी मित्राची चालवलेली आहे आणि सोलापूर–धुळे महामार्गावर ती राजेशाही आहे. चिखलात तिला उभी करायला मात्र दोन माणसे लागतात.

एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे नियम लागू झाले आणि कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. थंडीत चोक ओढण्याची गरज संपली, गाडी एका हाकेत चालू होऊ लागली आणि धूर कमी झाला, हे मान्य करावेच लागेल. तोटा आहे तो दुरुस्तीत. कार्बोरेटरचा जेट तोंडाने फुंकून साफ करता येई. सेन्सर बिघडला तर मात्र स्कॅनर असलेल्या गॅरेजपर्यंत गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते. जुन्या गाड्यांपुढे आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही प्रश्न आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या पद्धतीचे रबरी भाग त्याने फुगू शकतात. आपल्याच उसाचे इथेनॉल आपल्याच जुन्या कार्बोरेटरला त्रास देणार, असा हा घरचा मामला आहे. म्हणून जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल खालच्या स्क्रूने सोडून द्यावे, आणि पेट्रोलची नळी व वॉशर वेळच्या वेळी बदलावेत.

आज नवी गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याला मी स्प्लेंडर किंवा बजाजची प्लॅटिना पाहायला सांगेन. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किमतीतही फरक पडलेला आहे. हौसेसाठी आरएक्स शोधणाऱ्यांनी खिसा मोकळा ठेवावा, कारण शौकिनांनी तिचे भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवले आहेत. जुनी बॉक्सर धडक्या अवस्थेत मिळाली तर ती कामासाठी अजूनही सोन्यासारखी आहे, पण व्यवहारापूर्वी पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झाली आहे की नाही हे तपासावे. आरसी बुकावरचा चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा, आणि तो ग्रीसने माखलेला असेल तर कापडाला पेट्रोल लावून पुसून घेतल्याशिवाय विसार देऊ नये.