जुना पूल भूकंपासाठी मजबूत करताना: आधी सांधे की आधी खांब?

पैसे एकाच कामापुरते असतील तर जुन्या महामार्ग-पुलाचे सांधे, म्हणजे पुलाचे दोन तुकडे जुळतात त्या जागा, आधी जखडायचे की खांबांना पोलादी जॅकेट चढवायचं? कॅलिफोर्नियाने दोन्ही करून पाहिलं आहे, त्यामुळे उत्तर शोधायला तिथेच जावं.

1971च्या सॅन फर्नांडो भूकंपात पुलांचे गाळे (दोन आधारांमधले तुकडे) टेकूवरून घसरून खाली आले. टेकूची रुंदी अपुरी होती, सांधा हादऱ्यात उघडला आणि गर्डरला, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळईला, बसायला जागाच उरली नाही. मग तिथल्या वाहतूक खात्याने शेकडो पुलांचे गाळे पोलादी केबलने एकमेकांना जखडले. काम स्वस्त आणि वाहतूकही फारशी अडत नाही. खांब मात्र मागे राहिले. 1989च्या भूकंपात कॅलिफोर्नियातल्याच ऑकलंडचा दुमजली सायप्रस मार्ग कोसळून 42 माणसं गेली. त्याच्या सांध्यांना केबल होत्याच! पडला तो खांब आणि आडव्या तुळया जिथे जुळतात तिथून.

खांब का तुटतो? त्या काळच्या खांबांत उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या साधारण 13 मिमीच्या रिंगा तब्बल 30 सेंमी अंतराने असत. हादरा बसला की आवरणाचं काँक्रीट निखळतं, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि वरचा भार पेलायला काही उरत नाही. बाहेरून पोलादी जॅकेट चढवून मधल्या फटीत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरलं की सळ्यांना फुगायला वाव राहत नाही. 1994च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात असे खांब उत्तम टिकले. जॅकेटची पाळी यायची बाकी असलेला सांता मोनिका फ्रीवे ला सिएनेगाजवळ पडला. पण त्याच दिवशी गॅविन कॅन्यनचा तिरका पूल सांध्यातून निसटला: टेकू जेमतेम 20 सेंमीचे, आणि केबल असूनही गाळे सुटले.

माझा कौल खांबांना, विशेषतः एकखांबी पुलावर. 1995च्या भूकंपात जपानमधल्या कोबेत हान्शिन द्रुतगती मार्गाचा 635 मीटरचा पट्टा असाच एकेका खांबावर उभा होता, तो आडवा झाला. दुसरा आधार नसला की चुकीला माफी नाही.

आपल्याकडचे बरेच पूल मात्र वेगळे: सुटे गाळे, बेअरिंगवर (खांब आणि गर्डर यांच्यामधल्या आधारावर) ठेवलेले गर्डर. 2001च्या भूकंपात कच्छच्या सुरजबारी पुलाची बेअरिंग बिघडली. अशा पुलावर खांब धडधाकट दिसत असेल तर आधी पिअर कॅप (खांबाच्या माथ्यावरची, गर्डर टेकतात ती बैठक) रुंद करा, गर्डर घसरू न देणारे अरेस्टर बसवा. नुसत्या केबलवर भिस्त नको. जुने नकाशे मिळवून रिंगांमधलं अंतर आणि टेकूची रुंदी, हे दोनच आकडे पाहिले तरी कल निम्मा ठरतो.

जॅकेट चढवणाऱ्यांना एक सूचना: खांब मजबूत झाला की जोर पायावर जातो, तेव्हा त्याचीही तपासणी करून घ्या. आणि खाली पाण्याने भरलेली सैल वाळू असेल तर दोन्ही उपाय थिटे. जपानमधल्या निईगाताचा शोवा पूल 1964च्या भूकंपावेळी अगदी नवा होता. वाळू पातळ होऊन पाया सरकला आणि गाळे नदीत गेले. तिथे पहिला खर्च माती परीक्षणावर.