टर्बो की हायब्रिड? लेक्सस एनएक्स घेताना आधी स्वतःचे रस्ते आठवा

बाहेरून लेक्सस एनएक्स या एसयूव्हीच्या दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. तोच चेहरा, त्याच सीट्स, तोच मोठा स्क्रीन. मागच्या दारावर एकीला ३५० लिहिलेलं, ती टर्बो, म्हणजे दाबून जास्त हवा घेणारं पेट्रोल इंजिन; दुसरीला ३५० एच, ती हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर. एका अक्षराचा फरक, पण त्या अक्षरापायी लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. शोरूममध्ये दोन्हींची तारीफ सारख्याच उत्साहाने होते आणि आपण घरी येऊन पुन्हा तिथेच.

माझं मत आधीच सांगते: ज्यांचं बरंचसं ड्रायव्हिंग शहरात होतं त्यांनी हायब्रिड घ्यावी आणि मागे वळून पाहू नये. टर्बो वाईट आहे म्हणून नाही. टर्बो ज्या रस्त्यावर खुलते तो रस्ता बहुतेकांच्या वाट्याला महिन्यातून एकदाच येतो, म्हणून.

पूर्वी हे इतकं सरळ नव्हतं. २०१४ साली पहिली एनएक्स आली तेव्हा २०० टी ही लेक्ससची पेट्रोल टर्बो इंजिन असलेली पहिली गाडी होती. दोन लिटरचं इंजिन, २३५ अश्वशक्ती. शेजारी ३०० एच हायब्रिड उभी होती १९४ अश्वशक्तीची, आणि शून्यापासून ताशी शंभरला पोचताना ती टर्बोच्या जवळपास दोन सेकंद मागे राहायची. दोन सेकंद म्हणजे ओव्हरटेक करताना जाणवणारी गोष्ट. तेव्हा हायब्रिड घेणं म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी जोर सोडून देणं होतं, आणि ज्यांनी तेव्हा ती चालवून पाहिली त्यांच्या मनात हायब्रिडची तीच मंद प्रतिमा अजून बसलेली आहे.

२०२१ मध्ये दुसरी पिढी आली आणि हिशोब बदलला. ३५० मध्ये २.४ लिटरचं टर्बो इंजिन, २७५ अश्वशक्ती, ४३० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) आणि ८ गिअरचा ऑटोमॅटिक. ३५० एच मध्ये टर्बो नसलेलं २.५ लिटरचं इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून २३९ अश्वशक्ती. शंभरच्या शर्यतीत टर्बोला साधारण सात सेकंद लागतात, हायब्रिड एक सेकंदही मागे राहत नाही. सिग्नल सुटल्यावर तर हायब्रिडच आधी सरकल्यासारखी वाटते, कारण मोटरला जोर द्यायला वेळच लागत नाही.

मग टर्बो कशासाठी? त्याचं उत्तर हायवेला लागायच्या चढावर मिळतं. गाडीत चार माणसं, मागे बॅगा, उजवीकडून वेगाने ट्रक येतोय आणि तुम्हाला त्याच्या पुढे जाऊन लेनमध्ये शिरायचंय. पाय दाबला की टर्बोचा गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येतो आणि १७०० आरपीएमपासून (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळणारा तो टॉर्क तुम्हाला सीटला टेकवतो. वेग वाढतो, आरपीएम वाढतात, गिअर बदलतो, आरपीएम पुन्हा खाली येतात. कान आणि पाठ एकच गोष्ट सांगत असतात. हायब्रिडही त्याच जागी, जवळपास तेवढ्याच वेळात शिरते, पण तिथे गिअरच्या पायऱ्या नाहीत. इंजिन आणि दोन मोटर्स एकाच गिअरसंचाला जोडलेल्या असतात आणि कोणी किती काम करायचं हे संगणक ठरवतो. त्यामुळे पाय पूर्ण दाबला की इंजिनचा आवाज एकदम वर जातो आणि तिथेच अडकून राहतो, वेग मागून चढत राहतो. गाडी कमी पडत नाही, पण आवाज ऐकून वाटतं की तिला त्रास होतोय. ज्यांना गाडी चालवण्यातच आनंद मिळतो त्यांना हे खुपतं, आणि ते खुपणं खरं आहे. ‘सवय होईल’ असं सांगून उडवून लावू नये. लांब घाटातही हेच. चढ संपेपर्यंत हायब्रिडचं इंजिन वरच्या सुरातच असतं.

आता शहरातली तीच गाडी बघा. बंपरला बंपर लागलेला, दहा फूट सरका, थांबा, पुन्हा दहा फूट. हायब्रिडचं इंजिन या सगळ्यात बराच वेळ बंद असतं आणि गाडी नुसत्या मोटरवर पुढे सरकते. एसीचा कंप्रेसरही विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही हवा थंडच येत राहते. टर्बोमध्ये सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं खरं, पण थोड्या वेळात एसीची हवा कोमट होते, मग इंजिन हलकासा धक्का देऊन सुरू होतं, तेवढ्यात सिग्नल सुटतो. दिवसातून वीस वेळा हे झालं की माणूस ते फीचरच बंद करून टाकतो. लक्झरी या शब्दाचा अर्थ मला तरी या ट्रॅफिकमध्ये कळतो, रिकाम्या रस्त्यावर नाही. शांतता हा हायब्रिडचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि ब्रोशरमध्ये त्याला सगळ्यात कमी जागा मिळते.

पेट्रोलचा हिशोब करताना लोक सरासरी मायलेज बघतात आणि तिथेच फसतात. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) चाचणीत हायब्रिडचं शहरातलं मायलेज लिटरला साधारण १७.४ किलोमीटर आणि हायवेवरचं १५.७ आहे. म्हणजे शहरात जास्त, हायवेवर कमी. टर्बोचं उलट: शहरात सुमारे ९, हायवेवर सुमारे १२. आता वर्षाला १५,००० किलोमीटर धरा. सगळे शहरात चालवले तर हायब्रिड सुमारे ८०० लिटर वाचवते. तेच सगळे हायवेवर चालवले तर बचत ३०० लिटरच्या आसपास येते. गाडी तीच, किलोमीटर तेवढेच, आणि बचत निम्म्याहूनही कमी! तुमचं खरं चित्र या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असेल. ते लिटर तुमच्याकडच्या पेट्रोलच्या दराने गुणा आणि दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाला त्याने भागा. किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कागदावर दिसेल. टर्बोला जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरायला सांगितलेलं असतं, तेही त्यात धरायला विसरू नका.

या गणितात एक खोच आहे. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर हायब्रिडचं मायलेज कागदावरचं मिळणार नाही. थंड इंजिन तापेपर्यंत ते बहुतेक वेळ चालूच राहतं आणि ते तापतंय तोवर तुम्ही पोचलेले असता. पहिल्या महिन्यात आकडे बघून खट्टू होणारे बरेच जण याच वर्गातले असतात.

बॅटरीची भीती मात्र मला आता पटत नाही. टोयोटाने १९९७ मध्ये पहिली प्रियस ही हायब्रिड आणली तेव्हापासून ही रचना सुधारत आली आहे आणि लेक्सस ही टोयोटाचीच. हायब्रिडची बॅटरी मोबाइलसारखी शंभर टक्के भरत नाही आणि शून्यावरही जात नाही, मधल्याच पट्ट्यात खेळवली जाते, म्हणून ती टिकते. उलट या गाडीत इंजिन सुरू करणारा वेगळा स्टार्टर नाही, वीज तयार करणारा अल्टरनेटर नाही, आणि वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करत असल्यामुळे ब्रेक पॅडही सावकाश झिजतात. लक्ष द्यायचं ते एका साध्या गोष्टीकडे. मागच्या सीटजवळ बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी असते. तिच्यावर चादर, बॅग, कुत्र्याचे केस साचू देऊ नका आणि सर्व्हिसच्या वेळी ती साफ झाली का हे विचारा. हजारो भाग असलेल्या गाडीत एवढी छोटी जाळी कोणाच्या लक्षात राहत नाही.

चारही चाकांना जोर देण्याची पद्धतही वेगळी आहे. टर्बोमध्ये पुढून मागे जाणारा शाफ्ट असतो आणि मागच्या चाकांना इंजिनचाच जोर मिळतो. हायब्रिडमध्ये मागे स्वतंत्र मोटर आहे, मधे शाफ्ट नाही. पाऊस, ओला उतार, थोडा चिखल यांना ती पुरते. वारंवार कच्च्या, खड्या चढाच्या वाटेवर जाणार असाल तर टर्बोची जुनी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. ४५० एच प्लस ही प्लग-इनही याच कुटुंबातली, पण घरी रोज चार्ज करायची सोय नसेल तर तिचा विचारच करू नका.

टेस्ट ड्राइव्हला दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. सेल्समन नेहमीचा मोकळा रस्ता दाखवेल. तुम्ही तुमच्या ऑफिसच्या वेळी, तुमच्या ट्रॅफिकमध्ये जा. हायब्रिडमध्ये थांबतानाचे शेवटचे दोन मीटर नीट अनुभवा. तिथे मोटरचा ब्रेक संपून खरा ब्रेक लागतो आणि काहींना पायाखाली तो बदल जाणवतो. टर्बोमध्ये सावकाश चालताना अर्धाच पाय दाबून बघा, गाडी क्षणभर विचार करते का ते कळेल. घरातलं कोणीतरी मागे बसवा आणि त्यांना न विचारता नुसतं बघा, कोणत्या गाडीत त्यांचा आवाज चढतो.

आणि हे सगळं करूनही हायवेच्या त्या चढावर तुमच्या चेहऱ्यावर हसू टर्बोतच आलं असेल, आठवड्याला दोनशे-तीनशे किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर जात असतील, तर टर्बो घ्या. ते ३०० लिटर तुम्ही आनंदासाठी खर्च करताय, वाया घालवत नाही. फक्त इंजिन ऑइल ठरल्या वेळी बदला, एकदाही पुढे ढकलू नका, आणि टाकीच्या झाकणावर जे पेट्रोल लिहिलंय तेच भरा.