शनिवार कुणाच्या मैदानावर? सिडनीच्या खालच्या पायऱ्यांवरचे रग्बी लीग क्लब

वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, बॉकम हिल्स या पट्ट्यात राहायला आलेल्या मराठी घरांतून हा प्रश्न आता बऱ्याचदा ऐकू येतो. मोठ्या स्टेडियमची तिकिटं आणि गर्दी नको, पण इथला खेळ जवळून बघायचाय, जमलं तर खेळायचाय; मग क्लब कोणता धरायचा? मी गेली काही वर्षं या मैदानांवर जातोय. जे पाहिलं त्यावरून सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ते रग्बी युनियन. त्यात पंधरा जण असतात. पश्चिम सिडनीचा जीव आहे रग्बी लीगमध्ये: तेरा जण, 80 मिनिटं, आणि चेंडू आपल्याकडे असताना सहा टॅकल, म्हणजे सहा वेळा पकडले जाणं. सहाव्या टॅकलला पकडले गेलात की चेंडू समोरच्यांचा. ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवल्याचे, 4 गुण, त्यानंतरच्या किकचे 2. कबड्डी खेळलेल्या माणसाला हा खेळ पहिल्याच सामन्यात उमगतो. चेंडू घेऊन येणारा म्हणजे चढाईवाला, आणि समोरचे साखळी करून उभे. घोटा पकड इथेही चालते. फक्त हात खांद्याच्या वर गेला की पेनल्टी.

स्पर्धांच्या पायऱ्या अशा: सर्वांत वर एनआरएल (नॅशनल रग्बी लीग), त्याखाली एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स) कप, मग रॉन मॅसी कप आणि त्याखाली सिडनी शील्ड. त्याच्याही खाली भागाभागातल्या स्थानिक स्पर्धा आहेत. आज एनआरएलमध्ये असलेल्या पॅरामॅटा क्लबला 1981, 1982 आणि 1983 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक जॅक गिब्सन यांचा उजवा हात म्हणजे रॉन मॅसी; त्यांच्याच नावाचा हा कप. सिडनी शील्डमध्ये खेळणारी पोरं दिवसभर गोदामात, बांधकामावर किंवा ऑफिसात राबून संध्याकाळी सरावाला येतात. बऱ्याचदा एकाच मैदानावर आधी शील्डचा सामना होतो आणि पाठोपाठ रॉन मॅसी कपचा, त्यामुळे एका फेरीत दोन सामने बघून होतात.

आता क्लबांकडे वळू. या पट्ट्यात राहत असाल तर वेंटवर्थव्हिल मॅगपाइज पहिला. मैदान रिंगरोझ पार्क. 2018 पर्यंत काही मोसम पॅरामॅटाचा राखीव संघच या क्लबच्या नावाने खेळायचा, त्यामुळे इथल्या खेळाला वरच्या पायरीची शिस्त आहे. पण मला हे मैदान आवडतं ते वेगळ्याच कारणाने. दोरीशी उभं राहिलं की खेळ दोन हातांवर असतो. खांद्याला खांदा भिडतो तो आवाज टीव्हीवर कधीच येत नाही, ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा दबका. पडलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, टाचेने मागे सारतो, आणि मागचा वाकून उचलेपर्यंत समोरची फळी दहा मीटर मागे सरून पुन्हा पुढे धावलेली असते. हे सगळं दोनतीन सेकंदांत. एकदा माझ्या शेजारी एक आज्जी नातवाला घेऊन उभ्या होत्या, आणि बदली खेळाडूच्या बोटांवर पांढरी टेप गुंडाळली जात होती. नातवाने विचारलं, ‘दादा, दुखतं का?’ त्या खेळाडूला मराठी कुठलं समजायला! पण सूर कळला असावा. त्याने टेपचा एक तुकडा फाडून पोराच्या अंगठ्याला गुंडाळला.

ग्लीब हा अगदी दुसऱ्या टोकाचा. ‘डर्टी रेड्स’ हे त्यांचं जुनं नाव. हा क्लब जानेवारी 1908 मध्ये स्थापन झाला, आणि 20 एप्रिल 1908 रोजी, सिडनीत लीगची पहिली फेरी झाली त्या दिवशी, त्याने वेंटवर्थ पार्कवर न्यूकॅसलला 8-5 असं हरवलं. 1929 च्या मोसमानंतर त्याला वरच्या स्पर्धेतून काढून टाकलं. कित्येक दशकांनी तो खालच्या पायरीवर परत उभा राहिला, याचं मला फार अप्रूप आहे. इतिहासाची ओढ असेल तर तो लाल-तपकिरी जर्सीतला संघ एकदा तरी बघाच. मात्र आपल्या भागातून सेंट्रलपर्यंत ट्रेन, पुढे लाइट रेल, म्हणजे तासभर धरा. दर आठवड्याला लहान मुलं घेऊन हे झेपत नाही.

माउंटीज या क्लबकडे सोयी भरपूर. माउंट प्रिचर्डच्या त्या भल्यामोठ्या सोशल क्लबचं पाठबळ आहे. ही व्यवस्था समजून घ्या: न्यू साउथ वेल्समध्ये 1956 पासून क्लबांना पोकर मशीन, म्हणजे पैसे लावून खेळायची जुगाराची यंत्रं, कायदेशीर आहेत, आणि अशा अनेक संघांचा खर्च त्याच पैशावर चालतो. मला हे खटकतं, आणि घरच्यांना जेवायला नेताना ठाऊक असलेलं बरं. मशीनच्या भागात अठराच्या आतल्यांना मज्जाव असतो.

हिल्स बुल्स क्रेस्टवुडच्या बाजूला राहणाऱ्यांना सोयीचे, पण गाडी हवी. सेंट मेरीज पेनरिथकडच्यांसाठी.

नुसतंच बघायचं असेल तर मी एक पायरी वर, एनएसडब्ल्यू कपातल्या न्यूटाउन जेट्सच्या हेन्सन पार्कला जायला सांगेन. मॅरिकव्हिलमध्ये विटांच्या खाणीच्या जागी झालेलं हे मैदान. 1938 च्या एम्पायर गेम्सची (आजच्या कॉमनवेल्थ गेम्सची) सायकल शर्यत इथेच झाली. टेकाडाच्या गवतावर चादर टाकून बसता येतं, आणि दर सामन्याला प्रेक्षकसंख्या 8,972 अशीच जाहीर होते. ही त्यांची लाडकी रीत आहे.

मुलांसाठी मात्र यातला कुठलाच मोठा संघ बघून ठरवू नका. घराजवळचा ज्युनियर क्लब बघा. सर्वांत लहान गटात टॅकल नसतं, कंबरेला टॅग, म्हणजे ओढून काढायच्या पट्ट्या, लावून खेळतात. प्रशिक्षकाला एकच प्रश्न थेट विचारा: डोक्याला मार लागला तर काय करता? ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या मार्गदर्शनानुसार लक्षणं पूर्ण गेल्यावर 14 दिवस थांबून मगच अंगाला अंग भिडणारा सराव, आणि सामना मार लागल्यापासून किमान 21 दिवसांनी. हे आकडे तोंडपाठ नसलेल्या क्लबात मी माझं मूल घालणार नाही.

कबड्डीतून आलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलाने थेट शील्डचा हट्ट धरू नये. आधी स्थानिक श्रेणीत एक मोसम काढावा, कारण पकड जमते पण पडल्यावर चेंडू सांभाळणं जमत नाही. सामने मार्चपासून सुरू होतात, पण सराव त्याच्या कितीतरी आधी, इथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास) लागतो. तेव्हाच जाऊन भेटा. आणि कुठलाही संघ बघायला निघण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक उघडा. या पायऱ्यांवर संघ दरवर्षी येतात-जातात, मैदानंही बदलतात.