माणूस मोजायचा की बुडालेले तास?

बडोद्यात, रावपुऱ्यात म्हणा की अलकापुरीत, वीस-पंचवीस माणसांचं ऑफिस असेल आणि कोण थकलंय, किती काम बुडतंय हे धड कळत नसेल, तर दोन प्रश्नावल्या हाताशी आहेत. आमच्या हिशेबाच्या ऑफिसात दोन्ही वापरून झाल्या.

पहिली फिनलंडची, वर्क अ‍ॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे काम झेपण्याच्या ताकदीचं मोजमाप, १९८०च्या दशकातली. गुण ७ ते ४९. २७ पर्यंत म्हणजे काळजीचं, ४४ पासून पुढे उत्तम. ती माणसाकडे बघते: ऐन उमेदीच्या मानाने आज कामाची ताकद १० पैकी किती, डॉक्टरांनी सांगितलेले आजार कोणते, वर्षात आजारपणाच्या रजा किती, दोन वर्षांनी हेच काम झेपेल का. या शेवटच्या प्रश्नाला आमचे पन्नाशीचे एक काका पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. बैठ्या कामासाठी गुण देताना डोक्याच्या कामाच्या उत्तराला दीडपट आणि अंगमेहनतीच्या उत्तराला निम्मं वजन द्यायचं. हे विसरलात तर टेबलावरचे सगळेच पहिलवान ठरतात.

दुसरी डब्ल्यूपीएआय (वर्क प्रॉडक्टिव्हिटी अँड अ‍ॅक्टिव्हिटी इम्पेअरमेंट), म्हणजे तब्येतीपायी किती काम बुडालं ते मोजणारी, १९९३ची. सहाच प्रश्न, तेही मागच्या सात दिवसांचे. समजा, एकाने ४० तास काम केलं, ८ तास तापात गेले आणि काम करताना तब्येतीने किती खो घातला याला त्याने १० पैकी ३ दिले. गैरहजेरी साधारण १७ टक्के. उरलेल्या वेळातले ३० टक्के धरले की एकूण नुकसान ४२ टक्क्यांच्या आसपास. इथे आकडा चढला की वाईट, पहिलीत चढला की चांगलं. आमच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून नेमका उलटा अर्थ लावला होता.

दुसरीत खरी गोम त्या सात दिवसांची. उत्तरायणच्या सुट्ट्या 'इतर कारणं' या रकान्यात जातात, त्यांची अडचण नाही. अडचण नवरात्रीची. रात्री उशिरापर्यंत गरबा, सकाळी चुरचुरणारे डोळे, आणि कधीकधी त्याच दिवसांत टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत. प्रश्न तब्येतीमुळे काम अडलं का असा आहे. जागरण हा आजार का? एकाने धरलं, दुसऱ्याने नाही.

खुर्च्या किंवा दिवे बदलून काही फरक पडतो का, एवढंच बघायचं असेल तर दुसरी घ्या. बदलाआधी एकदा, नंतर एकदा, दोन्ही वेळा साध्या आठवड्यात. पंचेचाळिशीपुढची माणसं बरीच असतील आणि कुणाचं ओझं हलकं करावं हे ठरवायचं असेल तर पहिली. सवड नसेल तर तिचा १० गुणांचा पहिला प्रश्न एकटाही विचारतात.

मात्र पहिलीत आजारांची यादी आहे, आणि वीस माणसांत नाव न लिहूनही अक्षर ओळखू येतं. आमच्याकडे तिघांनी ते पान कोरंच परत दिलं. पुढच्या वेळी आम्ही सहा प्रश्नांचीच घेतली, दिवाळीनंतर, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून उत्तरं नुसत्या आकड्यांत घेतली.