कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं कानतपासणी केंद्र: ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

“ऐकू येतंय गं, पर बोलल्यालं कळत न्हाई,” हे माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, रोजचं वाक्य. शिवाजी उद्यमनगरात प्रेसच्या धडधडाटात त्यांची सगळी नोकरी गेली. आधी एका दुकानातून कानाचं मशीन घेतलं होतं. तिथं तपासणी अशी नव्हतीच. मशीन कानात बसवलं, “आजोबा, ऐकू येतंय का?” विचारलं आणि पावती फाडली. त्या मशीननं फॅनचा, भांड्यांचा, हॉर्नचा आवाज वाढला आणि बोलणं होतं तेवढंच अस्पष्ट राहिलं. आबांनी ते कपाटात टाकलं.

राजारामपुरीतल्या या केंद्रात आबांचं ते वाक्य कान तपासणाऱ्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं. माझ्या दृष्टीनं तिथंच निम्मं काम झालं.

तपासणीची खोली खरोखर आवाजबंद आहे. जाड दार लागलं की बाहेरची सगळी वर्दळ तुटते. अशी शांतता नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, भरवशाची राहत नाही, कारण बारीक आवाज बाहेरच्या गोंगाटात बुडतो आणि कान आहे त्याहून वाईट दिसतो. आबांच्या हातात बटण दिलं. 250 हर्ट्झपासून 8000 हर्ट्झपर्यंत एकेक सूर, प्रत्येक कानाला वेगळा, हळूहळू बारीक करत नेला. मग कानामागच्या हाडावर कंपन देणारा छोटा ठोकळा लावून तशीच चाचणी पुन्हा. आलेखावर रेषा जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं; हाडातून आणि हवेतून आलेल्या दोन्ही रेषा जवळजवळ एकत्र खाली गेल्या. म्हणजे पडदा आणि त्यामागची हाडं ठीक, दोष आतल्या कानात.

आलेख बघून मॅडमनी विचारलं, “आबा, मोठ्या आवाजाच्या मशीनवर होता का कामाला?” आम्ही नोकरीबद्दल अवाक्षरही बोललो नव्हतो. उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या 1000 हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी वर होत्या, 4000 ला खड्ड्यात उतरल्या होत्या आणि 8000 ला थोड्या वर आल्या होत्या. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्या कानाची ही ओळखीची खूण.

मी नववीला विज्ञान शिकवते. 20 ते 20,000 हर्ट्झ हा आकडा दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण बोलणं त्यात नेमकं कुठं बसतं हे इतकं स्पष्ट कुणी दाखवलं नव्हतं. मॅडमनी संगणकासमोर “आ” म्हटलं, तेव्हा स्क्रीनवर (खाली कमी हर्ट्झ, वर जास्त) रंगाचे जाड पट्टे खालच्या भागात उमटले. मग नुसतं “स्स्” म्हटलं. खालचा भाग रिकामा राहिला आणि 4000 च्या वर फिकट धुरळा दिसला. स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात, तर स, श, त, थ ओळखायच्या खुणा बऱ्याचशा वरच्या पट्टीत आणि नाजूक. आबांचा खड्डा नेमका तिथंच. तोंडापुढं कागद धरून त्या “सात” म्हणाल्या, आबांनी “हात” सांगितलं. “ताट”चं “पाट” झालं. मोठ्यानं बोलून हे सुटत नाही, कारण ओरडलं की स्वर फुगतात आणि व्यंजनं मागं राहतात.

डेसिबलचा हिशेबही त्यांनी आबांना कळेल असा सांगितला. दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणजे 20 वाढवले की शंभरपट. जिथं कान शाबूत आहे तिथं एवढा आवाज ओतला तर माणूस वैतागणारच. म्हणून नव्या मशीनमध्ये खालच्या पट्टीला जवळजवळ हात लावला नाही, वरची तेवढी उचलली. कानात भोकं असलेली मऊ टोपी दिली, म्हणजे जाड आवाज आपसूक आत येतात.

सगळ्यात आवडलं ते शेवटचं मोजमाप. मशीन घातलेल्या कानात अगदी बारीक नळी सरकवून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे त्यांनी पाहिलं. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि एका टोकाला बंद असते, त्यामुळं ती स्वतःच 3000 हर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते. प्रत्येकाची नळी वेगळी, मग कंपनीचे आकडे आंधळेपणानं कसे चालतील? ही तपासणी होते का, हे कुठंही मशीन घेण्याआधी विचाराच.

खोटी आशा दाखवली नाही, हेही सांगायला हवं. मंगल कार्यालयात भिंतींवरून परतणारे आवाज एकमेकांत मिसळतात, तिथं मशीनची मर्यादा राहणारच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो, म्हणून जवळ येऊन, समोरून बोला, असं त्यांनी आम्हालाच बजावलं. महागडं मॉडेल गळ्यात मारलं नाही.

उणं म्हणाल तर जिना उभा आहे, लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या पेशंटला हा त्रास आहे आणि इथं येणारे बहुतेक त्याच वयाचे. रिपोर्ट फक्त इंग्रजीत देतात, तो मराठीत मिळायलाच हवा. सेटिंग एका भेटीत पुरं होत नाही, पुन्हा जावं लागतं. त्याचे वेगळे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत.

जाताना घरात रोज बोलणारं माणूस सोबत न्या. आबांची शब्दांची चाचणी त्यांनी शेवटी माझ्या आवाजातही घेतली आणि त्यावरून सेटिंग थोडं बदललं.