जुनं इंजिन ठेवायचं कुठे: अंगणात, शेडमध्ये की बंद गोदामात?

संस्थेला वाफेचं इंजिन किंवा छापखान्याचं यंत्र दान मिळालं की पहिला प्रश्न जागेचा. पर्याय तीनच.

अंगणात ठेवलं की सगळ्यांना दिसतं आणि खर्चही कमी. पण लोखंड साधारण ६० ते ६५ टक्के आर्द्रतेच्या वर झपाट्यानं गंजतं, मीठ बसलेलं असेल तर त्याही आधी. मुंबईत पावसाळाभर हवेत ८० टक्क्यांच्या आसपास ओल असते. बाहेरून कितीही रंग मारा, रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) सांध्यात मुरलेलं पाणी आतून खातच राहतं.

ताडपत्री हा तर उपाय नव्हेच. एका संस्थेत ऑईल इंजिन चार पावसाळे ताडपत्रीखाली बांधून ठेवलेलं मी पाहिलंय. सोडलं तेव्हा फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, खालच्या कडेचे पापुद्रे नखानं निघत होते. वरचा पाऊस अडला, जमिनीची ओल मात्र आतच कोंडली. फार वाईट वाटलं.

बंद गोदामाचं उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये स्विंडनजवळ रॉटन इथं आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमनं जुन्या हवाईतळाच्या हँगरांत विमानं, बस अशा अवाढव्य वस्तू ठेवल्या आणि पुढे तीन लाखांहून जास्त वस्तूंसाठी नवी इमारत बांधली. तिथल्या एका गोदामाच्या भिंती तागासारख्या हेंप या झाडाचे तुकडे आणि चुना मिसळून केल्यात. त्या ओल शोषतात आणि सोडतात, म्हणून हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्रांवरचा भार हलका होतो. आपल्याकडे एवढ्या मोठ्या जागेत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, वर्षभर चालवायचं विजेचं बिल लहान संस्थेला झेपणार नाही.

म्हणून माझं मत शेडला, पण नीट बांधलेल्या. जोतं उंच हवं, पावसाचा मारा येतो ती नैऋत्येची बाजू बंद, बाकीच्या बाजूंना वारा खेळता. कबुतरांसाठी जाळी आधीच लावा, त्यांची विष्ठा रंग आणि धातू दोन्ही खाते. इंजिन लाकडी स्लीपरवर, म्हणजे रुळांखाली असतात तशा जाड ओंडक्यांवर, उचलून ठेवा. मीटर, नावाच्या पितळी पट्ट्या, चामडी पट्टे, नकाशे हे मात्र काढून, क्रमांक घालून छोट्या कोरड्या खोलीत न्या. एका खोलीपुरता डिह्युमिडिफायर परवडतो.

बॉयलरवरचं जुनं आवरण कुणालाही खरवडू देऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असलेले तंतू, असण्याची शक्यता मोठी असते, आधी तपासून घ्या. आणि शेडचं दार क्रेन आत येईल एवढं ठेवा, कारण ते इंजिन पुन्हा कधीतरी बाहेर काढावं लागणारच आहे.