सुपरलक्स एचडी ६८१ : टोचणारा ट्रेबल आणि जाचणारा पट्टा, दोन्हींवर घरगुती इलाज

सुपरलक्स या तैवानी कंपनीचा एचडी ६८१ हा हेडफोन डोक्यावर चढवला की दोन गोष्टी लगेच कळतात. बेस खोल जातो, वाद्ये एकमेकांपासून सुटी ऐकू येतात आणि आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. स्वस्त हेडफोनमध्ये हे सहसा मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की गाण्यात ‘स’ किंवा ‘श’ आला की तो कानाला टोचतो आणि झांज पत्रा घासल्यासारखी वाजते. शिवाय पट्टा आणि पॅड तासाभरात जाच करू लागतात. आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, मात्र इतका गुणी आहे की त्यासाठी एक-दोन संध्याकाळी मोडणे नक्कीच परवडते. अट एकच, कामांचा क्रम चुकवायचा नाही.

आधी थोडे आकडे. ड्रायव्हर ५० मिमी, रोध ३२ ओहम, संवेदनशीलता ९८ डेसिबल, कप अर्धे उघडे. साध्या फोनने अर्धा व्होल्ट दिला तरी आवाज १०७ डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे कानांना सोसवणार नाही इतका. त्यामुळे टोचणी घालवण्यासाठी वेगळा अँप्लिफायर घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्या. दोष ताकदीचा नाही, ड्रायव्हर आणि कान यांच्यामधल्या पोकळीचा आहे. याच मालिकेत ‘बी’ आणि ‘एफ’ अशी भावंडेही आहेत. त्यांचा समतोल वेगळा आहे, म्हणून पुढचे सगळे लाल कडीच्या मूळ ६८१ साठी आहे असे धरावे.

टोचणी साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास असते. ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये येते, त्यामुळे तिथे उंचवटा असला की गायकाचे शब्दच चावतात. ८ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ४.३ सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झची सुमारे ३.४ मीटर. पुढच्या सगळ्या उपायांचे मर्म या दोन आकड्यांत आहे. पॅडची जाडी ५ मिमीने बदलली तरी बेसच्या लहरीच्या मानाने ती काहीच नाही, पण ८ किलोहर्ट्झच्या लहरीचा तो जवळजवळ आठवा भाग झाला. उंचवटा तेवढ्यानेही सरकतो, कमी होतो किंवा वाढतो. म्हणून पॅड आधी ठरवायचे आणि ड्रायव्हरसमोर काय लावायचे ते नंतर. जुन्या पॅडवर टिश्यूचे थर मोजून घेतले आणि मग पॅड बदलले, तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

सोबत येणारे पॅड कृत्रिम चामड्याचे आहेत. ते घाम धरून ठेवतात, आणि ओलसर हवेत काही काळाने त्यांचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. सोय अशी की एकेजी कंपनीच्या के २४० या हेडफोनच्या मापाचे पॅड या कपांवर बसतात, त्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे. मखमली पॅड घेतले तर कानाला गारवा मिळतो आणि ट्रेबल, म्हणजे वरच्या कंप्रतेचा आवाज, थोडा मवाळ होतो. पण मखमलीतून हवा निसटते, म्हणून सर्वांत खालचा बेस उतरतो. छिद्रे असलेले चामडी पॅड बेस राखतात, मात्र ट्रेबलला फारसा हात लावत नाहीत. चष्मा वापरणाऱ्यांनी मखमलीच घ्यावी. चामडी पॅड चष्म्याच्या काडीपाशी उचलला जातो आणि त्या फटीतून बेस कधी येतो, कधी जातो, अगदी मान वळवली तरी. आमचा कौल मखमलीला आहे, कारण या हेडफोनमध्ये बेस थोडा सोडून द्यावा इतका मुळातच आहे.

पॅड चढवताना बरेच जण तो फाडतात. पॅडच्या मागे पातळ कापडी किंवा चामडी झालर असते, ती कपाच्या कडेवरून पलीकडे जायला हवी. वरच्या बाजूला झालर अडकवून अंगठ्याने धरून ठेवा आणि दोन्ही बाजूंनी खाली या. शेवटचा ३–४ सेंटिमीटरचा भाग हाताने ओढू नका; जुने प्लास्टिक कार्ड झालरीच्या आत सरकवून कडेवरून फिरवा, ती आपोआप बसते. स्क्रूड्रायव्हर वापरला तर झालर फाटते, आणि हात घसरला तर टोक थेट ड्रायव्हरच्या जाळीतून आतल्या कंप पावणाऱ्या पडद्यात जाते.

आता पट्टा. डोक्यावरची पट्टी दोन्ही बाजूंच्या इलॅस्टिकवर लटकते आणि डोक्याच्या मापाप्रमाणे आपोआप वरखाली होते. कल्पना चांगली, पण मोठ्या डोक्यावर इलॅस्टिक ताणले जाते आणि कप वर ओढले जातात. कानाची पाळी पॅडच्या खालच्या कडेला दुखू लागली तर कारण हेच समजा. इलॅस्टिक कापण्याची घाई नको. पट्टी डोक्याला हवी तेवढी वर सरकवून, दोन्ही टोकांना कमानीशी सारख्या उंचीवर कापडी दोरीने किंवा वेल्क्रोने बांधा. ताण दोरी घेते आणि कप वर ओढले जात नाहीत. आधी दोन दिवस असे वापरून उंची पक्की करा. पट्टीखाली ५ ते ८ मिमी जाडीचा मऊ फोम कापडात गुंडाळून लावला तर टाळूवरचा एका जागचा दाब पसरतो. कपांची पकड घट्ट वाटत असेल तर डोक्याच्या रुंदीपेक्षा २–३ सेंटिमीटर जास्त रुंद खोक्यावर हेडफोन रात्रभर चढवून ठेवा आणि सकाळी तपासा. एकदम ५–६ सेंटिमीटर ताणले की पकड सुटते, पॅड गालापासून दूर राहतात आणि बेस गळतो. सैल झालेली कमान पुन्हा सारखी वाकवणे हे ताणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

यानंतर खरे काम, ड्रायव्हरसमोरचा थर. लागेल ते एवढेच: साधा दोनपदरी टिश्यू पेपर, १ मिमी जाडीचा फेल्ट (नमद्यासारखे कापड), पातळ दुहेरी चिकटपट्टी, धारदार कात्री, प्लास्टिकचा किंवा पितळेचा चिमटा. चिमटा पोलादी नको. ड्रायव्हरचे चुंबक तो खेचून घेते आणि अतिशय पातळ पडदा क्षणात भोसकला जातो. हेच स्क्रूंबद्दल. काढलेला प्रत्येक स्क्रू लगेच डबीत टाका, टेबलावर मोकळा ठेवू नका.

टिश्यूचे दोन पदर वेगळे करा आणि ५५ ते ६० मिमी व्यासाच्या चकत्या कापा. चकती जाळीवर ठेवायची, कडेला चार ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी चिकटपट्टी लावायची आणि वर पॅड बसवायचा. दोन्ही कानांना एकाच वेळी, सारखे. एका पदराने फरक जेमतेम जाणवतो. दोन पदरांनी ‘स’ ची धार उतरते. तीन पदरांनंतर झांजांचा दरवळ मरू लागतो आणि गायक पडद्याआडून गातो असे वाटते. बहुतेकांना दोनावर थांबावेसे वाटेल. मखमली पॅड असतील तर दुसऱ्या पदराआधी एक पूर्ण दिवस एका पदरावर ऐकून पाहा. कानाला सवय व्हायला वेळ लागतो आणि घाईत माणूस हमखास जास्त दाबून टाकतो.

टिश्यू काम करतो ते त्याच्यातून हवा अडखळत जाते म्हणून, ती अडते म्हणून नाही. हा फरक न कळल्याने जाळीवर सेलोटेप लावली जाते आणि मग आवाज बंद डब्यातून आल्यासारखा होतो. कोणतीही वस्तू लावण्याआधी ओठांसमोर धरून फुंकर मारा. फुंकर सहज पलीकडे जात असेल, पण किंचित विरोध जाणवत असेल, तर वस्तू योग्य. कागदी सर्जिकल टेप या कसोटीत बरी उतरते, पण तिचा चिकट भाग आतल्या कापडाला धरतो, आणि काढताना कापडही सोबत येते. ती वापरायचीच असेल तर जाळीवर न लावता टिश्यूच्या चकतीला आडवी पट्टी म्हणून लावा.

फेल्टचा उपयोग वेगळ्या जागी आहे. ड्रायव्हरभोवतीचा प्लास्टिकचा सपाट भाग आवाज परत फेकतो, आणि पॅडच्या आतली पोकळी त्याला साथ देते. त्या सपाट भागावर फेल्टची कडी बसवली, म्हणजे मधले भोक ड्रायव्हरच्या जाळीएवढे आणि बाहेरचा व्यास पॅडच्या आतल्या कडेपर्यंत, की हे परावर्तन मंदावते. सूर झाकोळत नाही आणि खरखरीत काठ तेवढे जातात. संपूर्ण ड्रायव्हर झाकणारी फेल्टची चकती मात्र या हेडफोनला जड होते. ती लावायचीच असेल तर मध्ये १० ते १५ मिमीचे भोक ठेवा. आमच्या मते फेल्टची कडी आणि टिश्यूचे एक-दोन पदर हीच या मॉडेलसाठी सर्वांत चांगली जोडी आहे. टिश्यू घामाने दबतो आणि मळतो, म्हणून तो दर काही महिन्यांनी बदलावा.

कपाच्या मागच्या बाजूबद्दल थोडक्यात. मागची छिद्रे बुजवू नका. अर्धा उघडा कप त्या छिद्रांच्या हिशेबाने जुळवलेला असतो. ती बंद केली की बेस फुगतो किंवा आखडतो, आणि मोकळेपणा हे या हेडफोनचे मोठे भांडवल जाते. कपात थोडा विरळ पॉलिएस्टर कापूस ठेवून पाहायला हरकत नाही, साधारण अर्धा ग्रॅम दर कपाला. दोन्हीकडे तोलून सारखाच ठेवा. दाबून भरलेला कापूस ड्रायव्हरची पाठ गुदमरवतो. गाडीच्या दारांना लावतात तसल्या जड डांबरी पट्ट्या कपात चिकटवण्याची चाल आहे. त्याने वजन वाढते, मान दुखते, आणि मूळ टोचणी जिथल्या तिथे राहते.

एवढे झाल्यावरही थोडी धार उरली तर इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा हवा तो पट्टा कमी-जास्त करणारे सॉफ्टवेअर. विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेटसारखे ॲप आहे. ८ किलोहर्ट्झवर उणे ६ डेसिबल आणि क्यू (काप किती अरुंद ते ठरवणारा आकडा) २.५ इथून सुरुवात करा, पण आकडा डोळे मिटून घेऊ नका. प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी, म्हणून उंचवटाही थोडा इकडेतिकडे असतो. आवाज अगदी कमी ठेवून ५ ते १० किलोहर्ट्झचा सरकता सूर वाजवा. तो जिथे अचानक मोठा होतो ती जागा लिहून घ्या. मग हेडफोन कानावर किंचित पुढेमागे सरकवून पुन्हा ऐका. जागा बरीच हलली तर तो उंचवटा पॅडमधल्या पोकळीचा आहे; न हलता तिथेच राहिला तर त्यात तुमच्या कानाचाही वाटा आहे, आणि तो पूर्ण सपाट केला तर आवाज मुका वाटेल. टिश्यू लावलेला असेल तर उणे ६ ऐवजी उणे ३ पुरते. ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग कापू नका. कानाची नळी मुळात तिथे आवाज वाढवते, आणि आपल्या मेंदूला तसाच आवाज नैसर्गिक वाटतो. बेस वाढवायचा असेल तर जेवढे डेसिबल वाढवाल तेवढेच एकूण पातळीतून आधी वजा करा, नाहीतर मोठ्या आवाजाला सूर फाटतो.

केबल सर्वांत शेवटी, आणि फक्त ती तुटली किंवा लांबी नकोशी झाली तरच. कपात सॉकेट बसवून केबल सुटी करता येते. ३.५ मिमीच्या पिनेत टोक डावे, मधली कडी उजवी आणि बुडाचा भाग सामाईक. आतल्या तारा रंगीत लाखेने मढवलेल्या असू शकतात. ती लाख सुरीने खरवडली तर तारा तुटतात. ३५० ते ४०० अंशांच्या सोल्डरिंग गनने, ताज्या सोल्डरच्या थेंबात तार ३–४ सेकंद बुडवली की लाख जळते आणि तार चकचकीत होते. खोलीत हवा खेळती ठेवा. ड्रायव्हरच्या पायांवर, म्हणजे तारा जोडायच्या टोकांवर, मात्र गन दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पाय धरणारे प्लास्टिक मऊ होऊन हलते आणि आतली बारीक तार सुटते. शक्यतो ड्रायव्हरच्या पायांना हात न लावता सॉकेट आधीच्या तारांनाच जोडा. बाहेर जाणाऱ्या वायरला कपाच्या आत जी गाठ किंवा अडकण असते ती कायम ठेवा. ओढ बसली की ती नसल्यास सोल्डर निखळतो.

जोडल्यावर बंद करण्याआधी दोन चाचण्या. पहिली, डाव्या-उजव्याची. दुसरी जास्त महत्त्वाची, ध्रुवतेची, म्हणजे दोन्ही कपांतल्या तारा एकाच दिशेने जोडल्या आहेत का याची. एकाच बोलणाऱ्या माणसाचे मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण लावा. आवाज बरोबर मधोमध आला तर ठीक. तो डोक्याभोवती पसरट आणि पोकळ वाटला, बेस गायब झाला, तर एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे. कोणत्याही एका कपातल्या तारा उलट्या जोडल्या की प्रश्न सुटतो.

कप बंद केल्यावर खालच्या बेसला फर्रर असा आवाज येत असेल तर ड्रायव्हर फाटला असे लगेच समजू नका. बहुतेकदा जाळीतून आत गेलेला केस पडद्याला लागत असतो. पॅड काढा, हेडफोन उलटा धरून पाठीवर हलकी टिचकी मारा, आणि केस दिसला तर प्लास्टिकच्या चिमट्याने बाजूला ओढा. तोंडाने जोरात फुंकू नका आणि व्हॅक्यूमचा नळा तर जवळही आणू नका, पडदा एकदा आत दबला की त्याला सुरकुती राहते. टिश्यूची सैल कड जाळीवर आपटत असली तरी असाच आवाज येतो, तेव्हा चकतीच्या कडाही तपासून घ्या.